लुगर पिस्तूल आणि त्याचं काडतूस : दोष कोणाचा?



शस्त्रांचा इतिहास सांगताना आपण लढाया सांगतो, सेनापती सांगतो, फार तर शस्त्राचं नाव आणि साल सांगतो. त्या शस्त्रात भरलं काय होतं, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. आज आपण त्या बाजूनं सुरुवात करणार आहोत. विषय आहे लुगर हे जुनं जर्मन पिस्तूल आणि त्याचं काडतूस.

लुगर तुम्ही पाहिलेलं आहे, नाव माहीत नसलं तरी. दोन्ही महायुद्धांवरच्या चित्रपटांत जर्मन अधिकाऱ्याच्या हातात जे बारीक नळीचं, तिरप्या मुठीचं पिस्तूल दिसतं, ते हेच. या पिस्तुलाची कीर्ती दोन प्रकारची आहे. एक अशी की ते फार सुबक आणि नेमकं आहे. दुसरी अशी की ते नाजूक आहे, अडकतं, ऐन वेळी दगा देतं. ही दुसरी कीर्ती कितपत खरी आहे, आणि खरी असेल तर दोष नेमका कोणाचा, एवढाच आजचा प्रश्न आहे.

हा प्रश्न केवळ हौशी संग्राहकांचा आहे असं समजू नका. पिस्तूल कमरेला असतं ते अगदी शेवटच्या क्षणासाठी. त्या क्षणी ते अडलं तर माणूस जातो. आणि मागाहून दोष कोणाच्या नावावर लिहिला जातो, यावर कंत्राटं ठरतात, सैन्याचे निर्णय ठरतात, कारागिरांची नावं राहतात किंवा पुसली जातात. तेव्हा इतिहासकारानंही निवाडा देण्याआधी पुरावा नीट तपासायला हवा.

काडतूस म्हणजे इंजिन

आधी यंत्र समजून घेऊ. रिव्हॉल्व्हरमध्ये फिरत्या चक्रात पाच-सहा काडतुसं असतात. चाप ओढला की चक्र फिरतं, घोडा पडतो, गोळी सुटते. चक्र फिरवायची ताकद आपल्या बोटाची असते. एखादं काडतूस फुसकं निघालं तर? पुन्हा चाप ओढायचा, पुढचं काडतूस समोर येतं. यंत्राचं काही अडत नाही.

अर्धस्वयंचलित पिस्तुलाचं गणित वेगळं आहे. तिथे चाप ओढला की गोळी सुटते, आणि त्यानंतरची सगळी कामं पिस्तूल आपली आपण करतं. रिकामी पुंगळी बाहेर फेकणं, मॅगझिनमधून पुढचं काडतूस उचलणं, ते चेंबरमध्ये ढकलणं, मागचं दार बंद करणं. ही ताकद कुठून येते? काडतुसातूनच. गोळी पुढे जाते तेव्हा जो धक्का मागे येतो, त्याच धक्क्यावर हे सगळं चालतं. म्हणजे काडतूस हे या यंत्राचं इंधन झालं.

आणि नुसतं इंधनही नव्हे. मॅगझिनमधून चेंबरपर्यंतचा उतार काडतुसाला स्वतःच्या अंगानं पार करायचा असतो. त्याची लांबी किती, टोक गोल की चपटं, पितळ गुळगुळीत की खरबरीत, यावर ते सरळ जाईल की वाटेत रुतेल हे ठरतं. म्हणून काडतूस हा यंत्राचा सुटा भागही आहे, आणि तो दर गोळीला बदलला जातो. बाकीचं पिस्तूल शंभर वर्षं तेच राहील. हा भाग मात्र कोण, कुठे, कधी तयार करेल याचा नेम नाही.

दोघांचा जन्म एकत्र

आता लुगरकडे येऊ. १८९३ मध्ये ह्यूगो बोर्खार्ट या अभियंत्यानं बर्लिनच्या लुडविग लोव्ह कंपनीसाठी एक पिस्तूल तयार केलं. त्याच्या दाराची रचना माणसाच्या गुडघ्यासारखी होती. पाय ताठ असताना गुडघ्यावर समोरून कितीही जोर दिला तरी तो टिकतो. पण खालून थोडा धक्का दिला की लगेच वाकतो. मॅक्झिमच्या मशीनगनमध्येही हेच तत्त्व होतं. बोर्खार्टचं पिस्तूल चालायचं छान, पण होतं अवजड आणि बेढब.

त्याच कंपनीत गेओर्ग लुगर हा ऑस्ट्रियन गृहस्थ होता. त्यानं तोच गुडघा ठेवला, मूठ तिरपी केली, सगळं आटोपशीर केलं. आता यातली महत्त्वाची गोष्ट बघा. पिस्तूल लहान करायचं तर काडतूसही आखूड करावं लागलं. बोर्खार्टच्या काडतुसाची पुंगळी २५ मिलिमीटरची होती. लुगरनं ती २१ वर आणली. १९०० साली स्वित्झर्लंडच्या सैन्यानं हे पिस्तूल स्वीकारलं. पुढे अधिक जाड गोळीची मागणी आली, तेव्हा १९०२ च्या सुमारास त्यानं त्याच पुंगळीची मान मोकळी केली आणि ९ मिलिमीटरची गोळी बसवली. पुंगळीची लांबी झाली १९ मिलिमीटर. १९०४ मध्ये जर्मन आरमारानं आणि १९०८ मध्ये जर्मन सैन्यानं पिस्तूल या काडतुसासह घेतलं.

याचा अर्थ, पिस्तूल आणि काडतूस एकाच टेबलावर, एकाच माणसाच्या हातून घडले. साधारण ८ ग्रॅमची गोळी, ठरावीक दारू, ठरावीक लांबी. पिस्तुलातल्या स्प्रिंगा, गुडघ्याचं वजन, उताराचा कोन, सगळं या एका काडतुसाशी जुळवलेलं. त्यातून भाग हातानं घासून बसवलेले; म्हणून तर लहानसहान भागांवरही पिस्तुलाच्या क्रमांकाचे शेवटचे आकडे ठोकलेले असतात. एकाचा भाग दुसऱ्यात बसेलच असं नाही. अशी घट्ट जुळणी असली की काम सुरेख होतं, पण जोडीदार बदलला की कुरबुर सुरू होते.

अडकण्याच्या तीन तऱ्हा

आजही वस्तुसंग्रहालयांचे किंवा परवानाधारक शस्त्रकार जुनं लुगर तपासतात तेव्हा 'अडकतं' एवढ्यावर थांबत नाहीत. कसं अडकतं, हे विचारतात. वैद्य जसा ताप आहे म्हटल्यावर नाडी बघतो, जीभ बघतो, तसं.

पहिली तऱ्हा : रिकामी पुंगळी बाहेर पडता पडता दारात चिमटली जाते. याचा अर्थ बहुधा असा की धक्का कमी पडला. गुडघा वाकला, पण पुरता मागे गेला नाही. काडतूस कमजोर आहे, किंवा स्प्रिंग त्या काडतुसाच्या मानानं फार कडक आहे, किंवा जुनं तेल गोठून चिकट झालंय. पुंगळी ओढणारी आकडी झिजली असेल तरी हेच दिसतं.

दुसरी तऱ्हा : पुंगळी बाहेर जाते, दार बंद होतं, पण चेंबर रिकामंच. म्हणजे दार पुढच्या काडतुसाच्या मागे पोचलंच नाही. त्याच्या वरूनच सरकून गेलं. इथे दोन आरोपी आहेत. एक, पुन्हा तोच अपुरा धक्का. दुसरा, मॅगझिनची थकलेली स्प्रिंग. लुगरचा गुडघा फार चपळ आहे. मागे जाऊन पुढे येईपर्यंत क्षणाचाही काही अंश जातो, आणि तेवढ्यात मॅगझिननं आठ काडतुसांची चळत वर उचलायची असते. म्हणून ती स्प्रिंग मुळातच इतकी कडक होती की म्यानाच्या कप्प्यात एक छोटं हत्यार दिलेलं असे, आणि त्यानं मॅगझिनचं बटण खाली ओढून काडतुसं भरायची. आज एखाद्या जुन्या लुगरचं मॅगझिन नुसत्या बोटांनी सहज भरता आलं, तर ती आनंदाची बाब नाही. स्प्रिंग म्हातारी झाली आहे असं समजायचं.

तिसरी तऱ्हा : काडतूस निघतं, पण त्याचं टोक उतारावर आपटून अडकतं. इथे ताकदीचा प्रश्न नाही, आकाराचा आहे. गोळी आखूड बसवली असेल, टोक रुंद किंवा पोकळ असेल, तर ते ठरलेल्या जागी पोचत नाही.

या तिन्हींत तपासाचा नियम एकच : एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी मॅगझिन बदलून बघा, मग काडतूस, मग स्प्रिंग. सगळं एकदम बदललं आणि पिस्तूल चाललं, तर चाललं एवढंच कळतं. का चाललं ते कळत नाही. हा नियम शस्त्रकाराचा आहे, पण इतिहासाच्या विद्यार्थ्यानंही तो गाठीला बांधून ठेवावा.

१९०७ ची परीक्षा

आता हा नियम एका खऱ्या निवाड्याला लावून बघू. अमेरिकेच्या सैन्यानं १९०१ मध्ये चाचणीसाठी १००० लुगर पिस्तुलं विकत घेतली होती. पण फिलिपाइन्समधल्या लढायांच्या अनुभवावरून त्यांना जाड, जड गोळी हवी होती. म्हणून १९०७ मध्ये स्प्रिंगफील्ड इथे पॉइंट ४५ बोअरच्या पिस्तुलांची परीक्षा झाली. लुगरनं आपलं पिस्तूल त्या मापात मुद्दाम मोठं करून नेलं. कोल्ट होतं, सॅव्हेज होतं, इतरही होते.

लुगर त्यात मागे पडलं. मंडळानं त्याचे गुण मान्य केले, पण शिफारस केली नाही. कारणं दोन प्रकारची होती. पहिलं असं की पिस्तुलाच्या कामाची खात्री पटत नाही, अगदी लुगरच्या स्वतःच्या काडतुसांनीसुद्धा; आणि काडतूस चेंबरमध्ये शेवटचं बसतं ते स्प्रिंगच्या थेट, खात्रीच्या जोरानं बसत नाही. दुसरं असं की हे पिस्तूल नीट चालायला जी दारू लागते असं लुगर म्हणतो, ती दारू या देशात मिळत नाही.

ही दोन कारणं शेजारी शेजारी ठेवून वाचा. पहिलं पिस्तुलाच्या रचनेबद्दल आहे, आणि ते गंभीर आहे. सगळा दोष काडतुसावर ढकलून लुगरची वकिली करता येणार नाही. पण दुसरं कारण काय सांगतं? ज्या सैन्याला हजारो मैलांवर लढायचं आहे, ते आपल्या कारखान्यात बनत नसलेल्या दारूवर अवलंबून राहणारं पिस्तूल घेणार नाही. इथे प्रश्न चांगल्या-वाईट पिस्तुलाचा राहत नाही, पुरवठ्याचा होतो. लुगरला पुढच्या फेरीत रस राहिला नाही. पुढे ज्यांनी इतिहास लिहिला त्यांनी पहिलं कारण उचललं आणि दुसरं बहुतेक विसरून गेले.

तेच नाव, वेगळी दारू

युद्धं आली आणि काडतूस बदलत गेलं. सुरुवातीच्या ९ मिलिमीटर गोळीचं टोक छाटलेल्या शंकूसारखं होतं. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते गोल झालं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीला शिसं आणि तांबं कमी पडू लागलं. मग गोळीत शिशाऐवजी लोखंडाचा गाभा आला, वजन घटलं. पितळेऐवजी लाखेचा थर दिलेल्या पोलादी पुंगळ्या आल्या. पेटीवर काडतुसाचं माप तेच, पण पिस्तुलाला जाणवणारा धक्का आणि घर्षण निराळं. १९३८ मध्ये जर्मन सैन्यानं वॉल्थर पी-३८ हे नवं पिस्तूल स्वीकारलं. लुगर घडवायला वेळ आणि खर्च फार लागे, हे त्यामागचं मोठं कारण.

युद्ध संपलं तेव्हा दोस्त सैनिकांनी असंख्य लुगर पिस्तुलं आठवण म्हणून घरी नेली. आणि इथे त्याच्या बदनामीचा दुसरा अध्याय सुरू झाला. ज्या काडतुसाशी जुळणी झाली होती, ते मिळेना. एकीकडे ब्रिटिश सैन्यानं स्टेनगनसाठी बनवलेली जोरकस काडतुसं, दुसरीकडे बाजारातली हलक्या गोळीची, मवाळ काडतुसं. पहिल्यानं जुन्या भागांवर ताण यायचा, दुसऱ्यानं गुडघा अर्ध्यात थांबायचा. त्यात स्प्रिंगा दमलेल्या, मॅगझिन दुसऱ्याच पिस्तुलाचं. आणि म्हणायचं काय? लुगर अडकतं.

नाव एक असलं म्हणजे काडतूस एक असतंच असं नाही, याचं सगळ्यात धोक्याचं उदाहरण इटलीचं आहे. तिथल्या सैन्याचं १९१० चं ग्लिसेंटी पिस्तूल घ्या. त्याचं काडतूस मापानं जवळजवळ हुबेहूब लुगरच्या ९ मिलिमीटरसारखं. एकाच्या जागी दुसरं सहज बसतं. पण ग्लिसेंटीची बांधणी कमकुवत होती, म्हणून त्याच्या काडतुसात दारूचा जोर कमी ठेवलेला. त्यात लुगरचं काडतूस घातलं तर ते सुटतं, पण पिस्तूल हळूहळू खिळखिळं होतं, आणि वापरणाऱ्याच्या जिवाला धोका होतो. उलट ग्लिसेंटीचं मवाळ काडतूस लुगरमध्ये घातलं तर गुडघा पुरता वाकणार नाही. मापपट्टी दोन्ही काडतुसं सारखी ठरवते; फरक फक्त यंत्राला कळतो. जर्मन मॉझर आणि रशियन टोकारेव्ह यांच्या काडतुसांचीही थोडीफार अशीच गोष्ट आहे. टोकारेव्हचं काडतूस मॉझरच्या मापावरूनच आलं, पण सर्वसाधारणपणे ते अधिक जोरकस भरलं जातं.

हिंदुस्थानचा पावसाळा आणि पितळ

काडतूस बदलतं ते कारखान्यातच असं नाही. ते ठेवल्या जागी म्हातारंही होतं. याची एक गोष्ट आपल्या देशातलीच आहे.

ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातल्या फौजांना एक विचित्र अनुभव येई. पावसाळ्यात मोहिमा थंडावत, दारूगोळा तबेल्यांत ठेवला जाई. पावसाळा संपल्यावर बघावं तर न वापरलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्यांना बारीक चिरा पडलेल्या. ना कोणी आपटलं, ना कोणी वापरलं. याला ऋतूमुळे पडणारी चीर असं नावच पडलं, कारण ती ऋतू बघून येई.

खरं कारण १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी उलगडून दाखवलं. पितळ ओढून पुंगळी बनवताना धातूच्या पोटात ताण कोंडून राहतो. तबेल्यात घोड्यांच्या मुतातून अमोनिया निघतो, आणि पावसाळी दमट हवेत तो या ताणलेल्या पितळेवर हल्ला करतो. दोन्ही एकत्र आले की चीर. उपायही दुहेरी होता : पुंगळी बनवल्यावर ठरावीक उष्णता देऊन आतला ताण मोकळा करायचा, आणि काडतुसं कोरड्या, अमोनियापासून दूर जागी ठेवायची.

पुण्याजवळच्या खडकीला १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे, हे आपल्याला ठाऊक आहेच. तिथून जाताना आपल्या मनात बंदुका येतात, धातूशास्त्र येत नाही. पण बंदूक चालते की नाही याचा निम्मा निकाल पितळ कसं तापवलं आणि गोदाम किती कोरडं होतं यावर लागलेला असतो. जुनं काडतूस जुन्या पिस्तुलात घालून 'अस्सल जोडी' जमली असं मानणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. शतकभर जुन्या काडतुसाची टोपी मेलेली असू शकते, दारू बिघडलेली असू शकते, पितळ चिरलेलं असू शकतं. त्याची जागा काचेच्या कपाटात आहे.

निर्दोष पिस्तुलाचीही तीच गोष्ट

कोणी म्हणेल, हे सगळं लुगरची बाजू सावरण्यासाठी चाललंय. तर मग ज्याला लोक निर्दोष म्हणतात त्या पिस्तुलाकडे जाऊ. मार्च १९११ मध्ये अमेरिकेत शेवटची परीक्षा झाली. प्रत्येक पिस्तुलातून ६००० गोळ्या झाडायच्या. सॅव्हेज ३७ वेळा अडखळलं. जॉन ब्राउनिंगनं घडवलेलं कोल्ट एकदाही नाही. त्याच महिन्यात ते सैन्यानं स्वीकारलं, आणि पुढे सत्तरएक वर्षं ते सेवेत राहिलं.

शून्य हा आकडा खरा आहे. पण तो कोणत्या काडतुसाचा? गोल टोकाच्या, २३० ग्रेन म्हणजे साधारण १५ ग्रॅमच्या, धातूच्या आवरणातल्या गोळीचा. उतार, मॅगझिनचे ओठ, स्प्रिंग, सगळं तिच्यासाठी. काही दशकांनी नेमबाजांनी त्याच पिस्तुलात कागदावर स्वच्छ भोक पाडणाऱ्या, टोक छाटलेल्या गोळ्या वापरायला घेतल्या. मग पोकळ टोकाच्या गोळ्या आल्या. आणि तेच निर्दोष कोल्ट उतारावर अडखळू लागलं. शस्त्रकार तो उतार घासून रुंद करू लागले, नव्या ओठांची मॅगझिनं आली. १९११ चं पिस्तूल बिघडलं नव्हतं; त्याला न सांगता त्याचं काडतूस बदललं होतं.

म्हणजे बघा, लुगरची बदनामी आणि कोल्टची कीर्ती, दोन्ही खऱ्या आहेत, पण दोन्ही जोडीबद्दल आहेत. आपण त्या एकट्या पिस्तुलाच्या खात्यावर मांडल्या. लुगरची रचना इतरांपेक्षा अधिक हळवी होती, हे मान्यच करावं लागेल. चांगलं यंत्र थोडा फरक पोटात घालतं, लुगर फारसा घालत नाही. म्हणूनच त्याच्याबद्दल बोलताना कुठलं काडतूस, कुठल्या वर्षाचं, कोणत्या स्प्रिंगेवर, हे विचारल्याशिवाय निकाल देऊ नये.

शेवटी एक गोष्ट सांगून थांबतो. लुगर पिस्तूल सैन्यांतून केव्हाच गेलं. पण १९०२ च्या सुमारास त्याच्यासाठी बेतलेलं ते ९ मिलिमीटरचं काडतूस आज जगभरच्या सैन्यांत आणि पोलिसांत आहे. आपल्याकडे सामान्य नागरिकासाठी ते प्रतिबंधित बोअर मानलं जातं, पण इच्छापूरला बनलेलं आपल्या सैन्याचं ९ मिलिमीटर पिस्तूल त्यावरच चालतं. पुढच्या पिढ्यांतल्या अभियंत्यांनी आपापली पिस्तुलं या काडतुसाभोवती बेतली, त्यातले फरक सोसतील अशी. लुगरच्या अडखळण्यातून ती विद्या थोडीफार आली असं आम्हाला वाटतं. तेव्हा कुठल्याही जुन्या यंत्राला नाकर्तं ठरवण्याआधी त्याच्या पोटात काय घातलं होतं, ते एकदा विचारून घेऊ.